जावईबापूंचा सॉस

जावयाचं रिकामं ताट तिने खिडकीच्या उजेडात धरलं, आणि मग थेट लेकीच्या तोंडासमोर नेलं.

"बघ. बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप. आज बटाट्यावरसुद्धा."

ताटाच्या कडेला पांढऱ्या सॉसचा एक ओघळ वाळला होता. तेवढा सोडला, तर ताट घासून ठेवल्यासारखं लख्ख होतं.

"आवडतो त्यांना, आई," पातेल्यातून नजर न काढता लेक म्हणाली.

"आवडतो म्हणून त्याने आंघोळ करायची? लोणी-मीठ लावलेला बटाटा तो. त्याला कसली लाज होती, की वरून पांघरूण घालायचं?"

लेक पातेलं ढवळत राहिली. आईपुढे गप्प राहायची कला तिला लहानपणापासून साधली होती.

खाली खानावळ, वर घर. आल्यागेल्या सगळ्यांसाठी आई म्हणजे मालकीणबाई होती. नवरा गेला तेव्हा ज्यांनी ज्यांनी 'विकून टाका, बाईमाणसाचं काम नाही' असा सल्ला दिला, ते सगळे आता दुपारी तिच्याच टेबलांवर कोपराला कोपर लावून जेवत, आणि मीठ मागायचं तरी आधी घसा साफ करून घेत. शाळेत ती फार गेली नव्हती. पण पातेल्याचं झाकण न उचलता आतलं शिजलं की नाही ते सांगायची, आणि या गोष्टीचा तिला असलेला गर्व ती कधी लपवत नसे. लपवायचा कशाला? तो काय उसना आणलाय?

आणि सॉस म्हणजे तर तिचा मानाचा तुरा. हॉर्सरॅडिशची मुळी ती मागच्या अंगणात स्वतः लावी. दिसायला ओबडधोबड, मातकट, एखाद्या म्हाताऱ्या बोटासारखी. अख्खी असेपर्यंत तिला वासही नाही. पण किसणीवर घातली की अशी काही उसळे, की किसणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागत. त्यात व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर आणि घट्ट साय. हा सॉस फक्त रविवारी निघे, फक्त भाजलेल्या मांसाबरोबर, आणि वाढायचा चमचा फक्त तिच्या हातात. ताटाच्या कडेला एक ठिपका. दुसरा मागणाऱ्याकडे ती अशी बघे, की त्याला पहिलाच पुरेसा वाटू लागे.

ही रीत जावयाने मोडली. वसंत लागला तसं त्याला हे खूळ लागलं. पलीकडच्या रस्त्यावर त्याची बेकरी. पहाटे पाव भाजायचे, सकाळी घरोघर पोचवायचे आणि दुपारी सासूच्या खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर जेवायला बसायचं, हा त्याचा शिरस्ता. गरीब स्वभावाचा माणूस. आतापर्यंत त्याने जेवताना 'वा' याखेरीज दुसरा शब्द काढला नव्हता. एके दिवशी मात्र तो म्हणाला, "आई, तो सॉस आहे का थोडा?"

वार बुधवार. ताटात उकडलेली अंडी.

जावई माणूस, नाही कसं म्हणायचं. तिने बरणी दिली. ती त्याच्या टेबलावरून परत आलीच नाही. अंड्यांवर सॉस, बिटाच्या फोडींवर सॉस, धुरी दिलेल्या माशावर सॉस, वाटाण्याच्या सूपमध्ये सॉस. पावाच्या तुकड्याला तर तो लोण्यासारखा फासायचा. मग शेजारच्या टेबलावरच्या सलूनवाल्याने बिटावर घालून पाहिला आणि 'अरे!' म्हणाला. त्याचं बघून पेन्शनीतल्या मास्तरांनी माशावर घेतला. बघता बघता सगळ्या खानावळीला त्याचं वेड लागलं. "मालकीणबाई, जावईबापूंचा सॉस जरा इकडे."

जावईबापूंचा! मुळी लावणारी ती, खणणारी ती, किसताना रडणारी ती.

एका दुपारी सगळे गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या फोडीवर सॉस घालून खाल्ला. झणका सरळ नाकात चढला, क्षणभर डोक्यात लख्ख झालं, आणि तो ओसरला तसा अंड्याचा पिवळा भाग इतका मऊ, इतका गोडसर लागला, की तिने दुसरी फोडही खाऊन टाकली. मग बिटाची. मग ताटली धुऊन, पुसून जागेवर ठेवली. ही गोष्ट कुणाला सांगायची नव्हती.

कारण टोचत होतं ते वेगळंच. सॉस चांगला होता, प्रश्नच नाही. पण माणूस वरून सॉस कधी घालतो? खालचं मिळमिळीत लागतं तेव्हा. आता वय झालं. पूर्वीच्या बायका म्हातारपणी मीठ दोनदा घालायच्या, आणि घरातली माणसं निमूट खायची, हे तिने पाहिलं होतं. आपल्या हाताची चव गेली आणि जावई तोंडावर सांगत नाही, एवढंच असलं तर? या विचाराने तिची सूप ढवळणारी पळी हल्ली मधेच थांबायची. चाखून बघायची, पुन्हा चाखून बघायची. तिने, जिने जन्मात पदार्थ दोनदा चाखला नव्हता.

"एकदाच धडा देते," ती स्वतःशी म्हणाली, आणि खुरपं घेऊन अंगणात गेली.

सॉसची सगळी खुबी व्हिनेगरमध्ये. मुळी किसली की तिचा तिखटपणा चढत जातो, आणि व्हिनेगर पडलं की तिथल्या तिथे थांबतो. ताबडतोब घाला, सॉस सौम्य. थांबा, तो भडकतो. एरवी ती पेलाभर पाणी पिण्याइतकाच वेळ थांबे. आज तिने खणून आणलेली जाडजूड मुळी मागच्या दारात बसून किसली, वाडगं झाकून ठेवलं, आणि दुपारच्या जेवणाला मांडायची सगळी ताटं पुसून होईपर्यंत व्हिनेगरच्या बाटलीला हात लावला नाही. झाकण उचललं तेव्हा मांजर उठून कुंपणापलीकडे गेलं. साय तिने नावापुरती घातली.

"आज फार उग्र वाटतोय," लेक दारातूनच डोळे पुसत म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. "आई, नको ना. त्यांच्यावर कसला राग काढतेस?"

"राग कसला? आवडतो ना त्याला? मग खाऊ दे पोटभर."

टेबलं भरली. जावयापुढे तिने स्वतः ताट ठेवलं. साधा बटाटा, साधा मासा, पावाचा तुकडा, आणि बरणी. मग फडकं खांद्यावर टाकून ती तिथेच उभी राहिली. सलूनवाल्याने हात लांब करून आधी चमचाभर उचलला, तोंडात घातला, आणि असा खोकत सुटला की मास्तरांना त्याची पाठ थोपटावी लागली.

"अहो, विष आहे की काय!"

जावयाने तिकडे पाहिलंही नाही. बटाट्यावर चांगला डोंगर करून त्याने घास घेतला. ती वाट बघत होती. आता उठेल. आता पाण्याला हात घालेल. आता कबूल करेल, की नुसता बटाटाच बरा.

त्याने डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं, ते त्याने पुसलं नाही. चेहऱ्यावर मात्र असं काही पसरलं, जणू बराच काळ बंद असलेल्या खोलीची खिडकी कुणी उघडली असावी. मग हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, तो म्हणाला,

"आई, आज पोचलं."

"काय पोचलं?"

त्याने डोळे उघडले, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. तिने त्याचा दंड धरला आणि वाढपातलं काही राहिलं असल्यासारखं करत त्याला आत नेलं. चुलीशी लेक उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पदराने नाक पुसलं.

"बोला," मालकीणबाई म्हणाली.

"वास गेलाय माझा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. खारट कळतं, गोड कळतं, आंबट कळतं. बाकी सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. हा सॉस तेवढा आत शिरतो. तो नाकात चढला, की मागोमाग तुमचा बटाटा कसा लागायचा ते आठवतं. मग जेवता येतं."

तो घाईने पुढे म्हणाला, "भट्टीतला पाव झाला की नाही, ते वासावरून कळायचं. आता ही येते पहाटे, ही सांगते. दोनदा हिला उशीर झाला तर करपला. लोकांना कळलं, आई, तर नाक नसलेल्याचा पाव कोण घेणार?"

करपलेल्या पावावरून आपण त्याला भर रस्त्यात काय काय सुनावलं होतं, ते मालकीणबाईला शब्द न् शब्द आठवलं. आणि त्याच्याही मागून, हळूहळू, दुसरं एक ध्यानात आलं. अख्खा वसंत हा माणूस पुठ्ठा खात होता. रोज. आणि रोज ताट लख्ख करून उठत होता.

तिने फडकं खांद्यावरून काढलं, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकलं.

"हे मला सांगायला तुझं तोंड शिवलं होतं?" ती लेकीवर खेकसली, पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"तू गप्प बसली असतीस?" लेक म्हणाली.

मालकीणबाईची जीभ अख्ख्या रस्त्याला ठाऊक होती.

"जा. ताट निवतंय," ती जावयाला म्हणाली.

तो जागेवर जाऊन बसला. मागोमाग ती बाहेर आली. सलूनवाला अजून डोळे टिपत होता, पण आता त्याला हुरूप आला होता. जावयाने दुसरा घास तसाच भरलेला बघून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला,

"मालकीणबाई, आमचा जीव गेला आणि यांना काहीच नाही! जावईबापूंच्या तोंडाची चव गेली की काय?"

खानावळ हसली. मास्तरसुद्धा हसले. जावयाचा हात ताटातच थांबला. आतल्या दारात लेक पातेलं धरून उभी होती, आणि दोघंही मालकीणबाईच्या तोंडाकडे बघत होती.

ती सावकाश कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेली. बरणी उचलली, चमचा गच्च भरला, आणि जावयाच्या माशावर, बटाट्यावर, ताटातल्या पावाच्या तुकड्यावर स्वतःच्या हाताने सॉस वाढला. मग कमरेवर हात ठेवून, शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"जावईबापू, या लोकांना सोडा. अख्ख्या रस्त्यात चवीची पारख असलेले तुम्ही एकटे. म्हणून तर पाव मी तुमच्याखेरीज कुणाचा घेत नाही."