कोपऱ्यावरचं बाकडं

भांडी विसळून झाली की वहिनी वरच्या खिडकीशी दिराच्या शर्टांना इस्त्री करत उभी राही. नवरा गेल्यापासून तिचं जग त्या गजांपाशी येऊन थांबलं होतं. विधवा बाईनं रस्त्यावर दिसू नये, एवढं सासूबाईंनी एकदाच बजावलं होतं. त्या स्वतःही विधवाच. सासरे गेल्यापासून त्यांनीही उंबरा ओलांडला नव्हता.

नगरपालिकेच्या एका तरुण इंजिनियरबाईंनी मध्यंतरी समोरचा कोपरा हाती घेतला. दिराची गाडी उभी राहायची तिथला फुटपाथ रुंद केला, झाडाच्या बुंध्याला आवळणारं सिमेंट फोडलं, एक दिवा लावला आणि पाठ टेकता येईल असं लांब बाकडं बसवलं. एवढंच. पण हळूहळू बायका तिथं टेकू लागल्या. शिंपीणबाई काजं करत बसे, नर्सबाई ड्यूटीवरून येताना पाय मोकळे करी. त्यांचं हसू वर येई आणि वहिनीचा हात जागीच थांबे. एकदा तर शर्टाची बाही करपली.

दीर धुमसत होता. "गाडीची जागा गेली ती गेली, वर बायकांचा अड्डा! तोही आपल्या दारासमोर!" शेजारपाजारच्या पुरुषांना हाताशी धरून त्यानं बाकडं उखडायची परवानगी आणली.

गवंडी आला. पहारीचा पहिला घाव बसला. इस्त्री बंद करून वहिनी जिना उतरली, रस्ता ओलांडून थेट बाकड्यावर जाऊन बसली.

"बाई, उठा. काम करू द्या."

"मी बसलेय. माझ्यासकट उखडता येतं का बघा."

"वहिनी!" दीर दारातून ओरडला. "मुकाट्यानं आत या. नाहीतर हे दार तुम्हाला कायमचं बंद!"

"आजवर उघडं कधी होतं, भावजी?"

गवंड्यानं पहार खाली ठेवली. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून सासूबाई दारापर्यंत आल्या. आता आईच हिला फरफटत आणेल, असं वाटून दीर बाजूला झाला. त्या उंबऱ्यावरच थबकल्या.

"अगं, लोक काय म्हणतील?" त्यांनी चौकट धरली.

वहिनी सरकली. शेजारी जागा केली.

"म्हणू देत. या, बसून ऐकू."

चौकट घट्ट धरलेला सासूबाईंचा हात सुटायला मात्र बराच वेळ लागला.