विल्फचा शिक्का

"विल्फ निघाला रे," जोडणी विभागातून हाक आली आणि हाताशी असेल त्या लोखंडावर हातोडे पडू लागले. कारखान्यातून माणूस कायमचा निघाला की त्याला असा दणदणाट करून निरोप द्यायचा, ही इंग्लंडमधल्या लँकेशरातली जुनी रीत. एकतीस वर्षं इंजिनं तपासणारा विल्फ एकर्सली मात्र चोरासारखा मान खाली घालून चालला होता.

काय दिवस होते ते! इथल्या लॉऱ्या केनियापासून सिलोनपर्यंत धावायच्या. विल्फ डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि कुठला वॉल्व्ह सैल आहे ते सांगायचा. आता पुढच्या महिन्यात कारखान्याला टाळंच लागणार होतं.

दाराशी जुन्या सोबत्यानं, बर्टनं, त्याचा हात धरला. "लंडनच्या साहेबांनी वाटोळं केलं बघ."

"साहेब म्हणतात, युनियननं केलं."

"आणि तुझा मेहुणा? गावचा कारखाना सोडून स्वीडनची लॉरी घेतली. घरभेदी लेकाचा."

एरवी विल्फनं मान डोलावली असती. आज त्याच्यानं ते झालं नाही.

फाटकाबाहेर तोच मेहुणा, सेरिल, ती स्वीडिश लॉरी घेऊन उभा होता. विल्फच्या बायकोनं, एडनानंच भावाला धाडलं असणार. बारा वर्षांत विल्फनं त्या लॉरीत पाय ठेवला नव्हता, की सेरिलला ख्रिसमसच्या जेवणाला बोलावलं नव्हतं.

"बस, घरी सोडतो," सेरिल म्हणाला.

"आधी ऐक. शॅपच्या चढावर तुझ्या आधीच्या, आपल्या कारखान्यातल्या लॉरीचं इंजिन फुटलं ना, ते मीच पास केलं होतं. आवाज बरोबर नव्हता, कळत होतं मला. पण शुक्रवार होता, आठवड्याचा आकडा भरायचा होता. मारला शिक्का." "लोक तुला घरभेदी म्हणत राहिले आणि मी मान डोलवत राहिलो."

"माहीत आहे. सदतीस नंबरचा शिक्का तुझाच. इंजिन खोललं तेव्हाच पाहिला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती. एडनाची पोरं लहान होती." सेरिलनं खांदे उडवले. "आणि शुक्रवारी शिक्का मारणारा तू काय एकटाच होतास?"

विल्फ वर चढला. सवयीनं त्यानं दाराच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. कुठे फट नाही, कुठे खरखर नाही.

"चांगलं केलंय काम," तो म्हणाला. पण कारखान्यातून अजून हातोडे ऐकू येत होते, आणि ते दार ओढून घ्यायला त्याचा हात काही केल्या उचलेना.