साहेबाचं घराणं

आमच्या घरात घराणं फक्त कुत्र्याला आहे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नाही. पण साहेबाच्या, आमच्या कॉकर स्पॅनियलच्या, सात पिढ्या तोंडपाठ. समोरच्या शिंपीणबाईंच्या कॉकर कुत्रीशी त्याचं जमवायचा शब्दही देऊन बसले होते. बाईंनी तर उरलेल्या कापडांतून पिल्लांची दुपटी शिवायला घेतली. बाजारात तुरी!

मग एका सकाळी साहेबाने जेवणाकडे पाठ फिरवली. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"याचं शरीर स्वतःच्याच रक्ताला शत्रू समजून मारतंय. औषध देऊ, पण खात्री देता येत नाही."

"आमच्या साहेबाला? अहो, अस्सल जात आहे!"

"म्हणूनच. या जातीत हा आजार जास्त दिसतो. सगळ्यांना होतो असं नाही, पण धोका पुढच्या पिढीत जाऊ शकतो. याची पिल्लं नकोत."

घरी येताना मामंजींचा एकच धोशा. "कुणाला कळता कामा नये. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मामंजी, घराणं त्याचं आहे, आपलं नाही," मी म्हटलं.

गोळ्यांनी साहेबाला राक्षसी भूक लागली, त्यात माझी एक चप्पल गेली. हिरड्या मात्र पांढऱ्याच. आणि एक दिवस शिंपीणबाई दारात.

"मग कधी आणू हिला?"

मामंजींनी आधी सांगितलं, साहेबाचं अजून वय नाही. मग, त्याला ती पसंत नाही. मग, त्याला संसारात रसच उरलेला नाही. शेवटी ते एकदम म्हणाले, "बाई, आमच्या रक्तातच खोट आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "आमच्या कुत्रीची आई याच दुखण्याने गेली. तुम्ही नाही म्हणाल म्हणून बोलले नाही."

"म्हणजे तुम्ही मला फसवत होतात?" मामंजी कडाडले.

"आणि तुम्ही काय दिवे लावलेत?"

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात बाई साहेबाकडे सरकल्या. त्याचे कान कुरवाळत म्हणाल्या, "वाचेल ना हो हा?"

एवढ्या दिवसांत हे मामंजींनी कुणाला विचारलं नव्हतं, मलाही विचारू दिलं नव्हतं. "माहीत नाही," ते म्हणाले, आणि साहेबाच्या पाठीवर हात ठेवून ढसाढसा रडले. मग बाई रडल्या. मी तरी कशाला मागे राहू?