उसवबाईचा लाल टाका

"शर्टाच्या टेपने स्वतःचा हात मोजताय होय, बाई?" कटिंग मास्तरांनी विचारलं.

"मधल्या सुट्टीत मोजतेय. तुमच्या वेळात नाही," मी म्हणाले.

तीन महिन्यांपूर्वी खिडकीची काच पडून माझ्या उजव्या हाताचा मज्जातंतू कोपराखाली तुटला. डॉक्टरबाईंनी तो जोडला, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच आहेत. परवा बोट इस्त्रीला टेकलं, तर मला चटक्याआधी वास कळला. तेव्हापासून मास्तरांनी धोशाच लावलाय, की माझं मशीन नव्या बाईला द्यायचं आणि मी बटणं लावायच्या खुणा करत बसायचं. एकवीस वर्षं या शर्टाच्या कारखान्यात मी त्या मशीनवर कॉलर शिवल्या. टाका केसभर वाकडा गेला तरी उसवते, म्हणून सगळ्याजणी मला उसवबाई म्हणतात. खुणा कसल्या करायला लावता मला?

"आठ महिने थांबा," मी म्हणाले. "नस दिवसाला एक मिलिमीटर वाढते. सात सेंटिमीटर झाले, तेवीस राहिले."

"वाढते, वाढते! दिसते का कुठे?"

दिसत नाही, पण कळते. व्रणापासून खाली टिचक्या मारत जायचं. वाढ पोचली असेल तिथे टिचकी बसली, की बधिर बोटांत मुंग्या येतात. दर रविवारी सून टेपवर तेवढ्या मापाला लाल टाका घालते. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "वाटेवरच्या पेशी रसायनं सोडतात. तंतूच्या टोकावर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणारे. त्यांना निरोप मिळाला की टोक पुढे सरकतं. पण फार उशीर झाला, तर त्या पेशी निरोप धाडायच्या थांबतात." ते ऐकल्यापासून मला रविवारपर्यंत धीर धरवत नाही. खोटं कशाला बोलू?

"आणि नाही पोचली तर?" मास्तर म्हणाले.

"तर करीन की खुणा. आधी नाही."

"नाही बाई, माल अडलाय. उद्यापासून मशीन नव्या बाईचं."

"आज माझंच आहे ना?"

मी टिचकी मारली. रविवारच्या टाक्याच्या जरा पुढे मुंग्या आल्या. मशीनच्या सुईत लाल दोरा ओवायला डाव्या हाताला चार खेपा लागल्या. मग टेप त्या नव्या मापाशी सुईखाली सरकवला, बधिर बोटं त्यावर टेकवली आणि पाय मारला.

टाका चांगलाच तिरपा पडला. मी कात्री कधी उचलते, हे सगळ्याजणी बघत राहिल्या. मी टेप गळ्यात घातला आणि पुढची कॉलर ओढली.