दोनच्या वरचं

"तुम्ही माणसं जाळलीत, आणि आता सरळ रेघ दाखवून आम्हाला येडं बनवता?"

कुल्याशने भिरकावलेली खुर्ची पडद्याला लागली. पडदा उभा फाटला. खाणीतल्या वायूच्या आलेखाची निळी रेघ मात्र फाटक्या कापडावर तशीच निवांत पडून राहिली. कारागंदा शहराजवळच्या त्या कोळसाखाणीच्या कॅन्टीनमध्ये स्फोटात मेलेल्यांची घरची माणसं बसवली होती. कुल्याशने आपल्या नवऱ्याला, एर्सायिनला, सकाळी नुसत्या पट्ट्याच्या बकलावरून ओळखलं होतं. ओळखण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

राजधानीहून आलेल्या साहेबाने कोट झटकला.

"ताई, तुमचं दुःख समजतो. पण मिथेन दोन टक्क्यांच्या वर गेलेलाच नाही. खाली कोणीतरी सिगारेट ओढली असणार."

एर्सायिनचा धाकटा भाऊ बेकेन उठला. तोही त्याच खाणीत होता, आधीच्या पाळीला. साहेबाच्या पुढे पोलीस उभे होते. हाताला लागला तो लॅपटॉपपाशी बसलेला ओराझ, कचेरीतला आलेख काढणारा. बेकेनने त्याची मानगूट धरून कपाळ टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. चष्म्याची काच भुवईत घुसली.

"माझा दादा सिगारेटला शिवत नव्हता, कुत्र्या! ही रेघ कुठून आणलीस?"

"गाळणी लावलीय." ओराझ रक्त थुंकला. "दोनच्या वरचा आकडा आलेखात येतच नाही. वरून हुकूम होता, तसले आकडे म्हणजे सेन्सरचा बिघाड, दाखवायचे नाहीत. मधली जागा प्रोग्राम आपोआप जोडून टाकतो."

"काढ ती गाळणी."

"ओराझ," साहेब हळूच म्हणाला, "घरी बायकापोरं आहेत ना तुझी?"

ओराझने त्याच्याकडे पाहिलं. मग भुवईतून गळणारं रक्त बाहीला पुसलं आणि बोट कीबोर्डवर दाबलं.

रेघ उसळली. तीन. चार. खाली येऊन पुन्हा चार. आठवडाभर माणसं बारुदाच्या कोठारात कोळसा कापत होती, आणि वर हरामखोर सरळ रेघेवर सह्या ठोकत होते. मागच्या बाकावरून कोणीतरी कचकचीत शिवी हासडली. एका म्हातारीने चप्पल काढली. पोलिसांनी दांडकी सरसावली.

तेवढ्यात रेघेचं शेवटचं टोक दिसलं. स्फोटाच्या दिवशी, पाळी बदलायच्या जरा आधी, ती चारवरून धाडकन शून्यापाशी कोसळली होती. स्फोटापर्यंत तिथेच पडून होती.

साहेबाला धीर आला. "आणि हे? हेही आम्हीच गाळलं का?"

रेघ अशी कशाने पडते, ते खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वायू वाढला की सेन्सर कोळसा कापायचं यंत्र बंद पाडतो. सेन्सरवर कापसाचं जाड जॅकेट गुंडाळलं की पाडत नाही. पाळी सुटताना ज्याचं त्याने जॅकेट काढून न्यायचं, नाहीतर पुढच्या पाळीला वायू कळत नाही, एवढाच काय तो नियम.

बेकेनची मूठ अजून ओराझच्या कॉलरमध्ये होती. ती सैल सुटली.

"घाईत काढायचं राहिलं, वहिनी."

कुल्याश त्याच्यापाशी गेली. तिने अशी कानाखाली लगावली, की तो गुडघ्यांवर आला. दुसरा हात उगारला, तो तसाच राहिला. तिने त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. एक पोलीस बेकेनला उचलायला पुढे आला, तशी ती मध्ये उभी राहिली.

"मागे हो. याचं काय ते मी घरी बघते."

मग ती साहेबाकडे वळली.

"यंत्र बंद पडलं, की खाली फोन वाजायचा. ठरलेले टन भरा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. माझा नवरा झोपेतसुद्धा 'हो साहेब, भरतो साहेब' म्हणायचा. तो फोन कोण करायचं?"

साहेबाने पाण्याचा ग्लास उचलला.

"पाणी नंतर पी. नाव सांग."