माजघरातली ओ

पोशीरच्या ठकूबाईची जीभ फटकळ, हे तिच्या वैऱ्यांनीही मान्य केलं होतं आणि ठकूबाईनं ते कौतुक म्हणून घेतलं होतं. हाक मारणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत ती "ओ" द्यायची. लोक म्हणायचे, म्हातारीचे कान अजून तिखट आहेत. कान तिखट होतेच. पण घाई वेगळ्याच गोष्टीची होती. कुणी "ठकू" म्हणून हाक दिली की तिच्या आधी माजघरातून, भाताच्या कणगीमागून, दुसरं कुणीतरी बारीक आवाजात "ओ" द्यायचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून. बाकी कुणाला ऐकू यायचं नाही.

ठकूबाईला ठाऊक होतं, ती सवत. तीच तर गळ्यात होती. नवऱ्याची पहिली बायको एक पावसाळासुद्धा धड न नांदता गेली, आणि तिचा चांदीचा टाक, नखाएवढा पत्रा, त्यावर बाईसारखं काहीतरी ठोकलेलं, मांडवातच दुसरीच्या गळ्यात पडला. मेलेलीला गळ्यात वागवलं की ती जितीला पिडत नाही, अशी रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग अंगाला. सणाचा पहिला घास टाकाचा. नवरा गेला तेव्हा मंगळसूत्र उतरलं, टाक उतरला नाही.

"दादला सुटला, सवत नाय सुटली," ठकूबाई म्हणायची, आणि ऐकणारी बाई हसावं की नाही या विचारात पडायची.

त्या साली दिवाळीच्या सुट्टीत नात जयवंता मुंबईच्या कॉलेजातून घरी आली. ठकूबाई पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती.

"काय शिकवतात गं तुला तिकडं?"

"मुख्य विषय इतिहास, आजी. आणि जोडीला एक नवा निघालाय. बाईला बाई कोण करतं आणि बाप्याला बाप्या कोण, ते शिकायचं. त्यात थोडा कायदा येतो, थोडा इतिहास, थोड्या रीतीभाती."

"आन् ह्याला फी भरतो माजा ल्योक सहदेव? मला इचारायचं. वाल सोलता सोलता सांगितलं असतं."

"मग सांग ना. आमच्या शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, घरातली एखादी रीत घ्या आणि पाळणारीलाच विचारा." जयवंतानं टाकाला बोट लावलं. "हिचं नाव काय?"

"सवत."

"ते नातं झालं. नाव?"

ठकूबाईच्या बोटातला वाल सालीतून सटकला आणि अंगणात गेला. "ठकू," ती म्हणाली.

"ते तर तुझं."

"आधी तिचं होतं. माजं लगीन झालं तवा ताटात तांदूळ पसरले. तुज्या आज्याला कुठं अक्षर येत होतं? भटानं त्याचं बोट धरलं आन् इचारलं, नाव काय ठेवायचं? सासू म्हनली, ठकूच ठेवा. आमच्या तोंडाला तेच बसलंय."

"म्हणजे बाई बदलली तरी हाक बदलायला नको?"

"पाटा फुटला तर नव्या पाट्याला काय येगळं नाव देतात? तसंच."

जयवंतानं टाकावरचं बोट काढून घेतलं. ते बघून ठकूबाईला कसंसंच वाटलं, आणि आजवर कुणापुढं काढलं नव्हतं ते तोंडून गेलं. "मी आता किती दिसांची? मेले की सहदेव ठकूच्या नावानं पिंड ठेवील. आन् घास कोन उचलील? ती. हयातभर माज्या आधी ओ दिली तिनं, तितं काय मागं राहील? मी आपली नदीकाठी उपाशी उभी."

नात हसली असती तर ठकूबाईनं तिला वालाच्या टोपलीसकट बाहेर काढलं असतं. पण ती हसली नाही.

"तिचं माहेरचं नाव काय होतं?"

"कुनाला ठाऊक? तिचं नाव काढायचं नाय, जागी होते, म्हणून गाव गप्प. आन् मी का इचारू? सवतीची चौकशी मी करायची?"

"माहेर तरी?"

"कुंभिवली. खालापुराकडं."

दुसऱ्या दिवशी जयवंता पहाटेच्या एस्टीनं कुंभिवलीला गेली. ठकूबाईनं सकाळच्या भाकरीला हात लावला नाही. टाक छातीवर गार पडला होता. नाव सापडलं की त्याच नावानं हाक मारायची आणि सांगायचं, बाई, हा तुझा रस्ता, माझं नाव सोड.

भर दुपारी, अंगणात माणसाची सावली पायाशी आलेली असताना, नात परतली. चपला न काढताच पडवीत बसली.

"तिचा भाऊ आहे अजून. कोंडाजी नावाचा. आता त्यांच्या दारावरून ट्रक जातात. तिचं नाव भागू, आजी."

"भागू," ठकूबाईनं नाव तोंडात घोळवून बघितलं. मग माजघराकडं तोंड करून खणखणीत हाक दिली, "भागू! ये भागू!"

कणगीमागं शांत.

"ती ओ नाही देणार," जयवंता हळू आवाजात म्हणाली. "भागू जन्मापासून मुकी होती. ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण आवाज नव्हता. म्हातारा रडला. म्हणाला, आमच्या भागूनं कधी कुणाला ओ दिली नाही."

ठकूबाईनं छातीवरचा टाक मुठीत धरला. मुकी. मग इतकी वर्षं बोललं कोण?

"आजी, तुझं काय होतं? माहेरचं?"

ते नाव उच्चारणारी माणसं केव्हाच मसणात गेली होती. ठकूबाईनं मुठीतला टाक सोडला.

"चंद्रा," ती म्हणाली. "चंद्रीच म्हणायचे."

जयवंतानं बसल्या जागेवरून, आई लेकराला खेळातून बोलावते तशी, हाक दिली. "चंद्रे!"

ठकूबाईनं सवयीनं तोंड उघडलं. पण "ओ" माजघरातून आली. त्याच बारीक आवाजात. परकराचं लुगडं होऊन चारच दिवस झालेल्या पोरीचा आवाज. लग्नाच्या दिवशी रडून बसलेला, अजून तसाच बसका. ठकूबाईनं तो ओळखला. आपला आवाज कोण विसरतं?

तिनं गळ्यातून टाक काढला आणि नातीच्या हातात दिला.

"हिला कोंडाजीकडं पोचव. फुकट जखडून ठेवली बिचारीला. आन् तुज्या बापाला सांग, पिंड चंद्राच्या नावानं ठेव. ठकूच्या नावानं ठेवशील तर कावळा होऊन डोळे फोडीन."

मग ती उठली. माजघराच्या उंबऱ्यावर हात टेकून वाकली. आत भर दुपारचा अंधार होता, भाताचा वास होता.

"ये गं बाहेर," ठकूबाई म्हणाली. "सासू मेली कवाच."

कणगीमागं बांगड्या किणकिणल्या. काचेच्या. ठकूबाईच्या हातात नवरा गेल्यापासून काच नव्हती, आणि जयवंताच्या मनगटावर तर नुसतं घड्याळ होतं.

जयवंतानं झटकन माजघराकडं मान वळवली.