डावरीची किनार

सकाळी साडेनऊला नाट्यगृहाच्या रंगमंचावर जुन्या पडद्याची गुंडाळी उलगडली. मखमल विटली होती, अस्तराला कुबट वास येत होता आणि खालच्या किनारीतला एक कप्पा फाटलेला होता. पडदा सरळ पडावा म्हणून किनारीत ओळीने कप्पे शिवून प्रत्येकात शिशाची पट्टी घालतात. साठ वर्षांपूर्वी या फाटक्या कप्प्यातली पट्टी निसटून एका गायिकेच्या खांद्यावर पडली होती.

पडदा दुरुस्त करायला आलेली बाई जुन्या कापडांच्या डागडुजीत मुरलेली होती. ज्या शिंपिणीने तो शिवला तिची ती नात. काम घेतानाच तिने हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापिकेला सांगून टाकलं होतं. मागाहून कुणी उकरून काढण्यापेक्षा ते बरं. तिला या कामात मजुरीपलीकडचं एक हवं होतं. नव्याने उघडणाऱ्या नाट्यगृहाच्या दारात इतिहासाचा फलक लागणार होता आणि त्यावर एक वाक्य होतं: ‘शिंपिणीच्या हलगर्जीपणामुळे एका मोठ्या गायिकेची कारकीर्द संपली.’ फलक संध्याकाळी छपाईला जाणार होता.

“पुरावा द्या, वाक्य काढते,” व्यवस्थापिका म्हणाली होती. “नुसतं आजीवरचं प्रेम फलकावर चालत नाही.”

साठ वर्षांपूर्वी जे घडलं त्यावर कुणाचाच वाद नव्हता. दुसरा अंक संपत होता. गायिकेने शेवटचा सूर सोडला, पडदा उतरू लागला आणि ती मागे सरकायच्या आत पट्टी येऊन आदळली. खांद्याचं हाड मोडलं. ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली नाही. शिंपीण डाव्या हाताने शिवायची, म्हणून सगळे तिला ‘डावरी’ म्हणत. त्या रात्रीपासून तेच नाव शिवी झालं. “डाव्या हाताच्या कामाचं हे असंच,” असं तेव्हाच्या मालकाने चारचौघांत ऐकवलं. तिने एकच मागितलं: पडदा बघू द्या. तिला तो दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी तो गुंडाळून माळ्यावर टाकला आणि तिला कामावरून काढलं. त्यानंतर डावरीने सुई हातात धरली नाही. तिच्या धाकट्या मुलीने, म्हणजे नातीच्या आईने, डाव्या हातात पेन्सिल धरली की डावरी ती काढून उजव्या हातात द्यायची.

नातीने पडदा पालथा करून किनार दिव्याखाली घेतली आणि बऱ्याच वेळाने व्यवस्थापिकेला हाक मारली.

“हे कप्पे बघा. दोरा दुहेरी, मेण लावलेला. गाठ डावीकडच्या टोकाला. डावखुरी बाई डावीकडून सुरुवात करते. आता हा फाटलेला. टाक्यांचे तुकडे अजून अडकलेत. दोरा एकेरी, कोरा. गाठ उजवीकडे.”

“हाताखालच्या कुणी शिवला असेल.”

“हाताखाली कुणी नव्हतं. आणि असतं तरी कोऱ्या दोऱ्याने शिसं तोलणार नाही, एवढं तिला कळत होतं.”

“अपघातानंतर कुणी ठिगळ मारलं असेल.”

“मग कप्पा फाटका कसा राहिला?”

व्यवस्थापिकेने चष्मा वर सरकवला. “हे तुम्ही नात म्हणून बोलताय की कारागीर म्हणून?”

“दोन्ही. म्हणून तर तुम्ही बघा.”

व्यवस्थापिका सरळ गुडघ्यांवर बसली. साडी मळेल याची पर्वा न करता ती किनारीवरून बोटं फिरवत गेली आणि लगेच थांबली. “शेजारच्या कप्प्याची गाठही उजवीकडेच आहे. आणि हे तुमचं शिसं नाही हो. हलतंय.”

नातीने आधी फोटो काढले, मग टाके उसवले. आत पितळेची छोटी किल्ली निघाली. कुणीतरी शेजारशेजारचे दोन कप्पे उघडले होते, एकात किल्ली लपवली होती आणि दोन्ही घाईघाईने शिवून टाकले होते. त्या घाईतला एक कप्पा त्या रात्री सुटला.

दुपारी नातीची आई आली. रंगमंचावर चढायला तिने नकार दिला आणि पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली. “मला या जागेचं तोंड बघायचं नव्हतं. तुझ्या हट्टापायी आले.”

“आई, हे बघ. आजीची चूक नव्हती.”

आईने किल्ली घेतली. डाव्या हातात.

“ते मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“माहीत होतं? आणि बोलली नाहीस कधी?”

“तू विचारलंस कधी? हात झोळीत घातलेली एक बाई घरी आली होती. तीच गायिका. मला वाटलं, आता भांडण होणार. आई आणि ती दार लावून बसल्या. बाई आत रडत होती आणि आई तिला गप्प करत होती. जाताना ती आईच्या पाया पडली. मी लहान होते, पण कोण कुणाच्या पाया पडतं एवढं कळत होतं. त्यानंतर आईने पडदा दाखवा म्हणणंच सोडलं.”

“म्हणजे किल्ली गायिकेने लपवली?” व्यवस्थापिकेने विचारलं.

“मी बघितलं ते सांगितलं. बाकी तुम्ही शोधा.”

व्यवस्थापिकेने तिथेच बसून वाक्य खोडलं. नवं वाक्य नातीने सुचवलं आणि व्यवस्थापिकेने त्यातला एक शब्द कमी करून ते घेतलं: ‘अपघातापूर्वी पडद्याची किनार उसवून दुसऱ्या कुणीतरी शिवली होती; कुणी, ते माहीत नाही.’ फलक वेळेत छपाईला गेला.

किल्ली नाट्यगृहातल्या एकाही कुलपाला लागली नाही. मेकअपच्या खोल्या, कपाटं, तिकीटखिडकीचा गल्ला, सगळं करून झालं. मग आईला आठवलं की डावरी चुलीपुढे एका लोखंडी पेटीवर बसायची आणि तिला कुणाला हात लावू द्यायची नाही. पेटी आता मोठ्या मावशीकडे आहे.

नातीने मावशीला फोन केला.

“आहे की. तिच्यावर टीव्ही ठेवलाय,” मावशी म्हणाली. “कुलूप पितळेचं आहे. तुझ्या आजीनेच सांगून ठेवलेलं, जिची वस्तू आहे ती येईपर्यंत फोडायचं नाही. कुणी आलंच नाही.”

मावशी पेटी घेऊन रात्रीच्या बसने निघाली आहे. बस अजून पोचलेली नाही.